येऊन राहिलो

पुण्याची सून हसते आमच्या बोलण्याला.
"आई, 'येतोय' म्हणा ना. 'येऊन राहिला' म्हणजे काय?
माणूस एक तर येईल, नाही तर राहील."
मीही हसते, तव्यावरची पोळी उलटते.
या घरात एक जण
सदतीस वर्षांपासून येऊन राहिला आहे,
हे तिला कसं सांगू?

देवीदास लक्ष्मण निनावे. तांडापेठ.
कामठीच्या भरतीला धावून आला
तेव्हा बापूंच्या मागावर हिरव्या काठाचं लुगडं होतं.
दारातूनच ओरडला, "घेतलं मले!"
बापूंनी धोटा थांबवला नाही,
फक्त पायाची लय एकदा चुकली.
त्या लुगड्यात कुठंतरी ती चूक असेल.
कोण्या बाईनं नेसून नेसून
केव्हाच त्याच्या गोधड्या केल्या असतील.

लंकेला चालला, तर सारी गल्ली खिदळली.
मी म्हटलं, सोन्याची वीट आणजो.
त्यानं लिहिलं:
"शशे, इथं सोनं नाही.
ताडाची झाडं आहेत, पुष्कळांना शेंडे नाहीत.
विहिरीचं पाणी मचूळ लागते.
काल एका म्हातारीनं दार उघडलं,
आमच्याकडे पाहून लावून घेतलं.
तिच्या अंगणात आपल्यासारखीच तुळस होती.
आईले सांग, संक्रांतीले मी येऊन राहिलो."

तार आधी आली.
पत्र चार दिवसांनी.

त्याला तिकडेच जाळला.
मद्रासकडच्या गाडीनं राख आली, अन् काळी ट्रंक,
पांढऱ्या रंगात नंबर, नाव.
पार्सल ऑफिसात वजन लिहायचं होतं, काटा बिघडलेला.
बापूंनी ट्रंक उचलली. आयुष्यभर
सुताच्या लडी हातानं तोललेला माणूस,
म्हणाले, "सतरा किलो."
बाबूनं सतरा लिहिलं.

ट्रंकेत कंगवा, दोन बनियन, दाढीचा आरसा
अन् अर्धा वापरलेला हिरवा साबण.
आईनं साबण देवळीत ठेवला, फडक्यात गुंडाळून.
मे महिना होता. नळ गेलेला,
अंगावर घामोळं, वय पंधरा.
मी तो घेतला.
एवढा फेस आला!
मग रोज थोडा थोडा.
शेवटी नखाएवढी चकती उरली, तीही मोरीत गेली.
आई म्हणाली, उंदरानं नेला वाटते.
मी हो म्हटलं.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

सैनिक कार्यालयात विचारलं, लढाई कोणती?
पासष्टची, का एकाहत्तरची?
बापू म्हणाले, लंकेची.
तो हसायला लागला, मग बापूंकडे पाहून थांबला,
अन् रकाना मोकळा ठेवून
पुढच्या पानावर गेला.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली,
ढोल, गुलाल, माणसांच्या अंगावर माणसं,
सारे ओरडून राहिले,
रोगराई, ईडा पीडा, घेऊन जा गे मारबत!
आई ओट्यावर उभी होती. ओठ हलत होते.
मी कान जवळ नेला.
ती म्हणत होती, घेऊन ये गे.
घेऊन ये.

आता माग नाही. मागाच्या खड्ड्यावर फरशी बसवली,
तिथं सुनेचं वॉशिंग मशीन असते.
कपडे पिळताना ते हादरते
तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते जराशी.

रात्री नऊला मुलाचा फोन येतो.
"आई, येऊन राहिलो. बर्डीवर आहे."
मी म्हणते, गाडीवर बोलू नको.
पोचलास की फोन कर.
सून विचारते, "पोचल्यावर कशाला फोन?
पोचल्यावर तर तो दारातच असेल ना?"
मी कूलरमध्ये पाणी भरायला घेते.
पाइपाचं तोंड धरून उभी राहते,
टाकी भरून वाहायला लागते तरी.